स्लॅबवरची छत्री टाकू नकोस

स्टुटगार्ट
21 सप्टेंबर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

आईने फोनवर सांगितलं की दसऱ्याला घर काढताना स्लॅबवरची टीव्हीची जुनी छत्री (डिश) भंगारात घालणार आहात. ती घालू नका. रिचार्ज बंद केला म्हणून छत्री निकामी होत नाही. दूरदर्शनची फ्री डिश सेवा डिसेंबर 2004 पासून चालू आहे, तिला महिन्याचे पैसे लागत नाहीत आणि सह्याद्री त्यात आहे. गाईची धार काढायच्या वेळेला आईचा कार्यक्रम लागतो आणि तो कायम बुडतो, हे मला इथे बसूनही सलतं. तुझ्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर तो रेकॉर्ड करून ठेवता येईल. माझ्याकडे इथे तसंच चालतं. बाल्कनीतली छत्री 19.2 अंश पूर्वेच्या ॲस्ट्रा उपग्रहाकडे लावली आहे, वायर थेट कॉम्प्युटरमध्ये घेतली आहे आणि जर्मनीचे सरकारी चॅनल त्यावर फुकट दिसतात.

खरेदी एकाच वस्तूची आहे, तीच नीट बघून घे. दुकानात 'टीव्ही ट्यूनर' म्हणून जे जुनं कार्ड किंवा यूएसबीचं बोंडूक मिळतं, ते बहुतेक जुन्या केबलसाठी नाहीतर जमिनीवरच्या टॉवरच्या प्रक्षेपणासाठी असतं. छत्रीची वायर त्याला जोडून काही उपयोग नाही. खोक्यावर 'डीव्हीबी-एस2' (उपग्रहावरून येणाऱ्या प्रक्षेपणाची पद्धत) लिहिलेलंच हवं. असं कार्ड जुनं डीव्हीबी-एसही घेतं आणि छत्रीच्या तोंडासमोर बसवलेल्या, सिग्नल झेलणाऱ्या एलएनबीला लागणारी वीज त्याच वायरीतून वर पाठवतं. तुझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, तेव्हा त्याचा ड्रायव्हर मिळतो का ते पैसे देण्याआधी विचार.

आता छत्री. खरं काम इथेच आहे आणि घाई केली तर दिवस वाया जाईल. ती आत्ता दुसऱ्याच उपग्रहाकडे बघते आहे. फ्री डिश जीसॅट-15 वर आहे, 93.5 अंश पूर्वेला, विषुववृत्ताच्या वर सुमारे 36 हजार किलोमीटरवर. माझी छत्री दक्षिणेला जेमतेम 33 अंश वर बघते. आपल्या तासगावातून फ्री डिशचा उपग्रह आग्नेयेला दिसतो. होकायंत्रावर साधारण 130 अंश आणि क्षितिजापासून 60 अंश वर. छत्री ऑफसेट प्रकारची आहे, म्हणजे एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे तिचं तोंड डोळ्याला तेवढं वर केलेलं वाटणार नाही. पाठीमागच्या पट्टीवरचे अंश वाच, त्यावर विश्वास ठेव. होकायंत्र मात्र लोखंडी खांबापासून लांब धरून बघायचं.

कदमांच्या नारळाची मला काळजी आहे. तो आडवा येतो का हे बघायची उत्तम वेळ नेमकी आत्ताच आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या दिवसांत, सकाळी अकराच्या सुमारास, सूर्य तासगावातून बघितलं तर या उपग्रहाच्या जवळजवळ मागे येतो. त्या वेळी स्लॅबवर जा. जिथे नारळाची सावली पडेल तिथे छत्री लावायची नाही, जिथे लख्ख ऊन असेल ती जागा पक्की. याच दिवसांत त्या वेळेला थोडी मिनिटं चित्र तुटेलही, कारण सूर्याचा रेडिओ गोंगाट सरळ छत्रीत शिरतो. तेव्हा पाना घेऊन पळू नकोस, ते आपोआप सुरळीत होतं. मार्चमध्येही असंच होतं.

एलएनबीवर 9750/10600 छापलेलं आहे का बघ. उपग्रहाकडून 11090 मेगाहर्ट्झला येणारी लहर वायरीत टिकणार नाही, म्हणून एलएनबी त्यातून 9750 वजा करतो आणि 1340 ची करून खाली पाठवतो. नुसता 10600 वाला असेल तर उरतात 490, आणि कार्डातला ट्यूनर 950 च्या खालचं घेतच नाही.

कॉम्प्युटरवर कॅफीन हा प्रोग्रॅम टाक, सुरुवातीला तो सोपा. त्यात फ्रिक्वेन्सी 11090, पोलरायझेशन व्हर्टिकल, सिम्बॉल रेट 29500 भर. स्क्रीनवर दोन पट्ट्या दिसतील, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थची पट्टी वायर आणि एलएनबी जिवंत असले की आकाशाकडे कुठेही तोंड केलं तरी भरते, तिच्याकडे बघून खूश होऊ नकोस. बघायची ती क्वालिटी. पिंकीला खाली कॉम्प्युटरपाशी बसव, तू वर, आणि फोन चालू ठेवा. छत्री अगदी केसाकेसाने सरकव, दर वेळी दोन-तीन सेकंद थांब, कारण ट्यूनरला लॉक व्हायला वेळ लागतो. क्वालिटी आली की एलएनबी त्याच्या पकडीत हळूहळू पिळ, अजून वाढेल. मग बोल्ट आळीपाळीने आवळ. एकच बाजू करकचून आवळली की छत्री हमखास हलते.

जोडणीच्या टोकाला वायरीतल्या जाळीचा एक तंतूसुद्धा मधल्या तांब्याला टेकता कामा नये. बाहेरच्या जोडाला टेप गुंडाळ, परतीच्या पावसात पाणी वायरीत उतरतं.

रेकॉर्डिंगसाठी पुढे टीव्हीहेडएंड हा प्रोग्रॅम टाकू, ते मी इथून जोडून तुला करून देईन. उपग्रहावरून आलेली फाइल जशीच्या तशी डिस्कवर उतरते, चित्राचा दर्जा कमी होत नाही. सेकंदाला 2 मेगाबिटचा चॅनल धरला तर तासाला 900 मेगाबाइट. एका फ्रिक्वेन्सीवर बरेच चॅनल एकत्र येतात, त्यामुळे त्यातले दोन-तीन एकाच ट्यूनरवर एकदम रेकॉर्ड होतात. आप्पांना सांग, आकाशवाणीची केंद्रंही याच छत्रीवर येतात.

पैसेवाले चॅनल कोड लावलेले असतात, ते यात दिसणार नाहीत. कुणी तो कोड उघडायची 'की' विकायला आला तर त्याला दारातूनच परत पाठव.

एलएनबीवरच्या छापाचा आणि पाठीमागच्या पट्टीचा फोटो काढून पाठव, कार्ड त्यानंतरच घेऊ. आई-आप्पांना साष्टांग नमस्कार. पिंकीला गोड पापा.

तुझी,
ताई