कॉर्नफ्लोअरचा कॉर्नब्रेड होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या 'घरगुती, साध्या जेवणा'ची पाककृती आली होती. माझ्या धाकट्या बहिणीने इचलकरंजीहून त्या पानाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, पस्तीस वर्षं तू हेच खातोयस होय रे?" म्हणून हे पत्र. नाही, मी हे खात नाही. उत्तर जॉर्जियातल्या डाल्टन गावात माझ्या ओळखीचं कोणीच हे खात नाही.

पहिली चूक सगळ्यात मोठी आहे. कॉर्नब्रेडसाठी 'दोन वाट्या कॉर्नफ्लोअर' घ्यायला सांगितलं आहे. अमेरिकेत यायच्या आधी मी इचलकरंजीत सायझिंगमध्ये सहा वर्षं काढली आहेत. आपल्याकडे कॉर्नफ्लोअर म्हणून जी पांढरी, बोटांत करकरणारी पूड मिळते ते मक्याचं स्टार्च. आम्ही ते मोठ्या टाकीत शिजवायचो आणि मागावर धागा तुटू नये म्हणून सुताला त्याची खळ द्यायचो. त्याचं ताकात भिजवून ब्रेड करायला गेलात तर तव्यावर खळच तयार होईल, आणि पुरवणी वाचून कोणी केलाच असेल तर तो तवा अजून भिजत पडला असेल. इथे लागतं ते कॉर्नमील, म्हणजे अख्खा वाळलेला मका भरड दळून केलेलं पीठ. हाताला बारीक रव्यासारखं लागतं. या भागात पांढऱ्या मक्याचं पसंत करतात.

दुसरी चूक साखरेची. 'एक वाटी साखर' घातलीत तर केक होईल. चांगला होईलही, पण तो चवळीबरोबर कोण खाणार? साखरेवरून इथे घराघरांत दोन तट आहेत हे मान्य. काही घरांत, विशेषतः बऱ्याच कृष्णवर्णीय कुटुंबांत, चमचा-दोन चमचे घालतात आणि त्यांना ते बरोबर वाटतं. मी ज्या घरात शिकलो तिथे साखरेचं नाव काढलेलं चालत नसे. पण वाटीभर कुठल्याच तटात बसत नाही.

ते घर माझ्या घरमालकीणबाईंचं. डाल्टन हे गालिच्यांचं गाव. 1991 साली मी इथल्या एका गिरणीत कामाला लागलो आणि बाईंच्या घरामागची खोली भाड्याने घेतली. बाई स्वतः गिरणीतून निवृत्त झालेल्या. दुसरी पाळी संपवून रात्री साडेअकराला मी यायचो, तेव्हा मागच्या दाराशी दिवा आणि शेगडीवर झाकलेलं पातेलं असायचं. पहिल्यांदा झाकण उघडलं आणि मी उभ्या उभ्या हसलो. आत चवळी होती. आपली चवळी, काळ्या डोळ्याची! हजारो मैल येऊन पुन्हा चवळीच. आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं म्हणा. हे पीक मूळचं आफ्रिकेतलं. तिथून ते फार जुन्या काळी आपल्याकडे आलं, आणि पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर इकडे. आज जे 'दक्षिणेचं जेवण' म्हणून मिरवलं जातं त्याचा पाया त्या माणसांच्या हातचा आहे. पुरवणीतल्या लेखात याबद्दल एक ओळही नव्हती. 'गोऱ्या शेतकऱ्यांची परंपरा' एवढंच होतं.

बाईंचं साधं जेवण म्हणजे तीन गोष्टी: चवळी, कॉलर्डची भाजी आणि कॉर्नब्रेड. बाजूला कच्च्या कांद्याची चकती. जमलं तर विडेलियाचा कांदा, जो इथल्या दक्षिण जॉर्जियाच्या ठरावीक वीस काउंट्यांतच पिकला तर त्या नावाने विकता येतो आणि चावला तर डोळ्यांत पाणी येत नाही. आणि हिरव्या मिरच्या घालून ठेवलेली व्हिनेगरची बाटली, जी टेबलावरून कधी हलत नाही.

चवळी एक पाउंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम. भिजवली तर बरं, नाही भिजवली तरी तासाभरात शिजते. कांदा, तमालपत्र आणि धुरावलेल्या डुकराच्या पायाचा एक तुकडा. फोडणी नाही, हळद नाही. सुरुवातीला मला ते आजाऱ्याचं जेवण वाटलं. चौथ्या-पाचव्या दिवशी कळलं की सगळं काम तो धूर करतो. माझी बायको आली तेव्हा ती शाकाहारी. बाईंनी दोन दिवस विचार करून तिच्यासाठी तो तुकडा काढून टाकला आणि धुरावलेल्या लाल मिरचीची पूड घालायला लागल्या. तेच आजही आमच्या घरी चालतं. बाईंच्या मुलीला ते पटत नाही, पण ती दोनदा वाढून घेते.

कॉलर्ड ही कोबीच्याच जातीतली पालेभाजी, पण गड्डा न धरणारी; पानं हत्तीच्या कानाएवढी. थंडीचा पहिला कडाका पडून गेला की गोडवा येतो, म्हणून बाई नोव्हेंबरआधी घेत नसत. तीन पाण्यांतून धुवायची, कारण शिरांत रेती असते. देठ काढायचा, पानांवर पानं ठेवून अळूवडीसारखी गुंडाळी करायची आणि बारीक चिरायची. मग कांदा, लसूण, थोडी लाल मिरची, भरपूर पाणी, आणि मंद आचेवर पाऊण ते एक तास. पुरवणीत लिहिलंय, 'भाजी शिजली की पाणी ओतून द्यावं.' संपादक महोदय, इथे माझा खरा राग आहे.

ते पाणी म्हणजे पॉटलिकर. हिरवट-तपकिरी, धुराचा वास असलेलं, मीठ बरोबर लागलेलं. मालकांच्या ताटात भाजी जायची आणि स्वयंपाक करणाऱ्या गुलाम बायका मागे उरलेलं पाणी आपल्या पोरांसाठी राखायच्या, असं इथे सांगतात. पानांतलं सत्त्व बरंचसं त्या पाण्यातच उतरलेलं असतं. या पाण्यावरून वर्तमानपत्रांत लढाया झाल्या आहेत, म्हणून आपल्याला पत्र लिहिताना मला संकोच वाटत नाही. 1931 साली लुइझियानाचे गव्हर्नर ह्यूई लाँग आणि 'अटलांटा कॉन्स्टिट्यूशन' हे दैनिक यांच्यात कित्येक दिवस वाद रंगला: कॉर्नब्रेड पॉटलिकरमध्ये बुडवून खावा की कुस्करून? लाँग बुडवण्याच्या बाजूचे, दैनिक कुस्करण्याच्या. तेव्हा न्यूयॉर्कचे गव्हर्नर असलेल्या फ्रँकलिन रूझवेल्टनीही त्यात आपलं मत कळवलं. आणि 1982 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने 'पॉटलिकर' हा शब्द दोन तुकड्यांत, शुद्ध इंग्रजी वळणाने छापला, तेव्हा जॉर्जियाचे त्या वेळचे लेफ्टनंट गव्हर्नर झेल मिलर यांनी संपादकांना खरमरीत पत्र धाडलं की शब्द एकच आहे आणि ज्याला शेंगा-दाणे आणि पाला यांतला फरक कळत नाही तोच असं लिहील. ते पत्र छापून आलं. माझं पत्र आपण छापाल अशी आशा आहे.

आता कॉर्नब्रेड. दोन वाट्या कॉर्नमील, चमचाभर मीठ, एक मोठा चमचा बेकिंग पावडर, एक अंडं, दीड वाटी आंबट ताक. इथलं ताक आपल्यापेक्षा घट्ट असतं; पातळ असेल तर कमी घ्यावं. पीठ भज्याच्या पिठाएवढं सैल. यात अवघड काही नाही. सगळी मेख तव्यात आहे. दहा इंची बिडाचा खोल तवा, त्यात पाव वाटी चरबी किंवा तेल, आणि तो तवा आधी 450 अंश फॅरेनहाइटच्या भट्टीत तापवायचा. पुरवणीतल्या कृतीत थंड भांड्याला लोणी लावून पीठ ओतलंय. बाई पीठ ओतायच्या आधी त्यातलं एक बोट तव्यात झटकायच्या. चर्रर्र झालं तर ओतायचं, नाही तर भट्टीचं दार परत बंद. ओतल्यावर कडेने तेल वर उसळतं, त्यातलं थोडं चमच्याने पिठावरच घ्यायचं. वीस-पंचवीस मिनिटांनी ताटावर पालथा केला की बुडाला तपकिरी, कुरकुरीत खरपुडी दिसायला हवी. आमच्याकडे भांडणं होतात ती तिच्यावरून.

त्या तव्याशी माझा जुना हिशेब आहे. दोन-तीन महिने फुकटचं जेवल्यावर एका रात्री मला वाटलं, निदान भांडी तरी घासावीत. बाई झोपलेल्या. मी तो काळा तवा साबण आणि तारेच्या घासणीने अर्धा तास घासला, आतून करडा लखलखीत केला, आणि पाण्यात घालून ठेवला. सकाळी तवा गंजून नारिंगी झालेला. तो त्यांच्या आजीचा होता. बाई कंबरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ब्लेस यॉर हार्ट." मी बिचारा थँक्यू म्हणालो. ही शिवी आहे की आशीर्वाद हे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचं असतं, हे मला गिरणीत गेल्यावर समजलं. संध्याकाळी त्यांनी मला बसवून गंज काढायला लावला, चरबीचा पातळ हात फिरवायला लावला, कापडाने जवळजवळ पुसूनही टाकायला लावला, आणि तवा भट्टीत तासभर पालथा ठेवला. असं तीन वेळा. पूर्वीचा काळेपणा यायला वर्ष गेलं.

त्या वेळात बाई आपल्या आजीबद्दल बोलायच्या. आजी गिरणीच्या चाळीत वाढलेली. कॉर्नब्रेड, काकवी आणि मिठातली चरबी, हिवाळाभर एवढंच. दर वसंतात तिच्या हातांची कातडी भाजल्यासारखी लाल होऊन सोलायची. या आजाराचं नाव पेलाग्रा. या भागात त्याने हजारो माणसं मेली. जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी डॉक्टरने 1914 पासून त्याचा पिच्छा पुरवून दाखवलं की हा संसर्ग नाही, खाण्यातली उणीव आहे; कुठल्या जीवनसत्त्वाची, ते 1937 मध्ये कळलं. ते जीवनसत्त्व म्हणजे नायसिन. मक्यात ते असतं, पण बांधलेलं, म्हणून अंगी लागत नाही. इथले मूळ रहिवासी मका चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवून ते मोकळं करायचे. नव्या लोकांनी मका घेतला, ती युक्ती घेतली नाही. म्हणून बाई कॉर्नब्रेड कधी एकटा वाढत नसत. चवळी आणि पाला नसेल तर त्या भट्टी पेटवायच्याच नाहीत. पुरवणीत फोटोसाठी चौकोनी तुकडा एकटाच ठेवला होता, वर मध. असो.

एक जानेवारीला इथे हेच तिन्ही पदार्थ मुद्दाम करतात: चवळी म्हणजे नाणी, पाला म्हणजे नोटा, कॉर्नब्रेड म्हणजे सोनं. चौतीस वर्षं खातोय, नोटा पाल्याएवढ्या काही आल्या नाहीत. 2009 मध्ये बाई गेल्या, तेव्हा त्यांची मुलगी टॉवेलात गुंडाळून तवा घेऊन आमच्या दारात आली. "आईने सांगितलंय, साबण लावायचा नाही," एवढं बोलली आणि चहा न घेता गेली.

तरी पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी ही विनंती: कॉर्नफ्लोअर नव्हे कॉर्नमील, साखर खोडावी, तवा आधी तापवावा, भाजीचं पाणी ओतू नये. कुस्करावं की बुडवावं याबद्दल मात्र मी काही लिहीत नाही. मी आमटी-भाकरीच्या सवयीने कुस्करतो, बायको बुडवते, आणि पत्र टाकायच्या आधी ती ते वाचणार आहे.

आपला,
एक जुना वाचक
डाल्टन, जॉर्जिया