छकुलीच्या बाप्तिस्म्याबद्दल

प्रिय आई-बाबा,
ख्रिस्तामध्ये सलाम.

हे फोनवर बोलता आलं नसतं. आई स्पीकर लावते, मधूनच आत्या बोलते आणि मुद्दा राहून जातो. म्हणून पत्र. बाबा, आईला वाचून दाखवाल तेव्हा काही गाळू नका.

नाताळात छकुलीला जालन्याला आणतोय, पण तिचा बाप्तिस्मा आत्ता करायचा नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. समर्पण करू. पाळकसाहेब तिला हातात घेतील, प्रार्थना करतील, आम्ही दोघं तिला विश्वासात वाढवायचं वचन देऊ. पाणी तेवढं नाही. जाणती झाल्यावर ती स्वतः मागेल, तेव्हा बाप्तिस्मा.

आईला वाटणार, सासरच्यांनी घोळात घेतलं. तसं नाही. उलट, उन्हाळ्यात त्यांच्या फेलोशिपमध्ये जे झालं ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. प्रभुभोजनाची थाळी रांगेतून फिरत होती. माझ्या आधीच्या बाईंनी ती माझ्यासमोरून सरळ तुमच्या जावयांकडे नेली. तान्हेपणी कपाळावर शिंपडलेलं पाणी तिथं धरत नाहीत, त्यामुळे त्यांच्या लेखी माझा बाप्तिस्माच झालेला नाही. मी हात मांडीवर ठेवून बसले. ह्यांनी थाळीकडं पाहिलं आणि भाकरीचा तुकडा न घेता पुढं दिली. हे अठराव्या वर्षी शेतातल्या हौदात बुडून बाप्तिस्मा घेतलेले, त्या मंडळीतच वाढलेले. घरी येईपर्यंत दोघंही काही बोललो नाही.

मी मात्र पुन्हा पाण्यात उतरणार नाही, हे त्यांच्या वडिलांनाही सांगून झालंय. उपासनेत आपला विश्वास बोलून दाखवतो त्या निकीयाच्या मतांगीकारात आपण ‘एकच बाप्तिस्मा’ म्हणतो, ते काय नुसतं म्हणायला? माझ्या बाप्तिस्म्याला तुम्ही माझ्या वतीनं उत्तरं दिलीत, आणि पंधराव्या वर्षी दृढीकरणाला, बिशपसाहेबांपुढं, तीच उत्तरं मी माझ्या तोंडानं दिली. (आईनं डोक्याला इतकं तेल थापलं होतं की हात ठेवून झाल्यावर बिशपसाहेबांनी रुमाल काढला. मला तेवढंच नीट आठवतं, खरं सांगायचं तर.)

मग छकुलीला तेच का नको, असं बाबा विचारतील. बाबा, याचं उत्तर तुमच्याकडूनच शिकले. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन आपली उत्तर भारताची मंडळी (सीएनआय) झाली, हे तुम्ही आम्हाला किती वेळा सांगितलंय! त्यात अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन होते, तशीच तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा न देणारी बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स ही मंडळीही होती. म्हणून आपल्या मंडळीत दोन्ही वाटा मान्य आहेत. बाळाला बाप्तिस्मा देऊन पुढं दृढीकरण, नाहीतर आधी समर्पण आणि जाणतेपणी बाप्तिस्मा. एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा करायचा मात्र नाही. म्हणजे आम्ही नियमाबाहेर काही करत नाही. तुम्ही बावीस वर्षं रजिस्टर लिहिलंत, तुम्हाला मी काय सांगू.

आणि आपल्या जालन्याजवळच्या बेथेल गावचे नारायण शेषाद्री? 1843 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो समजून-उमजून. तुमच्या आजोबांनीही स्वतःच्या पायानं चालत जाऊनच घेतला होता. आपल्यात तान्ह्या बाळांची रीत त्यांच्यानंतर आली.

ह्यांनी मला बुडवायचा हट्ट सोडला, मी छकुलीवर पाणी शिंपडायचा सोडला. एवढाच तह झालाय. त्यात मला थोडं रडू आलं, तेही लिहून टाकते. देवळातल्या त्या बाप्तिस्म्याच्या कुंडीपाशी तिला तुमच्या हातात बघायचं होतं.

समर्पणही तिथंच, कुंडीशेजारी उभं राहून करू. बाबा, आजोबा म्हणून तुम्हीच तिला धरायचं. फेलोशिपमधून सासूबाई येतील, सासरे बहुधा नाहीत. प्रभुभोजन असेल तर सासूबाईंना थाळी द्यायची, एवढं पाळकसाहेबांना आधी सांगून ठेवा. आपल्यात कुणाला वगळत नाहीत हे त्यांनी बघावं, असा माझा थोडा दुष्टपणा आहे त्यात.

बाबा, अजून एक. माझं नाव जालन्याच्या यादीतून काढून इथं छावणीतल्या ख्राइस्ट चर्चला द्यायचं पत्र तुम्ही सेक्रेटरींना मागत नाही आहात, हे मला कळलंय. दरवर्षी माझी वर्गणी गुपचूप भरता, तेही कळलंय. मी दर रविवारी इथं बसते, इथल्या सभेत मला मत नाही. पत्र मागून ठेवा. नाताळात येऊ तेव्हा घेईन.

आई, प्रभुभोजनाच्या द्राक्षारसाला मनुके इथून काळे, बिनबियांचे आणते. तिकडं घेऊ नकोस. शनिवारी रात्री आपण दोघी भिजत घालू. तू शिवलेला पांढरा झबला समर्पणालाच घालणार आहे, कपाटात ठेवू नकोस. फक्त गळ्याची लेस आतून मऊ कापड लावून घे, तिला टोचते. आणि काखेत दोन बोटं उसव, पोरगी भरलीय.

तुमची,
बेबी