मधाची परीक्षा की घट्टपणाची?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत 'शुद्ध मध घरच्या घरी ओळखा' ही चौकट वाचली. पाण्यात थेंब, कागदावर थेंब, अंगठ्यावर थेंब, मग काडेपेटीची काडी आणि शेवटी मुंगी. थेंब तळाशी बसला, कागदात मुरला नाही, अंगठ्यावरून ओघळला नाही आणि त्यात बुडवलेली काडी पेटली, तर म्हणे मध शुद्ध. हीच चौकट मी कित्येक वर्षे ठिकठिकाणी वाचत आलो आहे. या वेळी मात्र गप्प बसवले नाही, कारण तिच्यातले सगळे प्रयोग मी एका दुपारी करून पाहिले. मी रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक आहे. वेळ भरपूर असतो आणि खोड जात नाही.

दोन बाटल्या घेतल्या. एकीत खात्रीचा मध, ओळखीच्या माणसाने आग्या मोहोळातून काढून माझ्यासमोर गाळलेला. दुसरीत मी स्वतः केलेला पाक: साखर, थोडे पाणी, अर्ध्या लिंबाचा रस, मंद आच. लिंबाच्या आम्लाने साखर फुटते आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होतात. मधातल्या मुख्य साखराही याच दोन. पाक जरा जास्त आटवला तेव्हा रंगही सोनेरी आला. त्याच्याकडे एकाही मधमाशीने ढुंकून पाहिलेले नव्हते.

पाण्याच्या पेल्यात पाकाचा थेंब सरळ तळाशी जाऊन बसला. मधाचा थेंब जाताना विरघळत गेला. कागदावर पाक टपोरा राहिला, मधाभोवती ओलसर कडा उमटली. अंगठ्यावर पाक जागचा हलला नाही, मध ओघळला. पाकात बुडवलेली काडी एकदा कुरकुरून पेटली, मधातली विझली. मुंग्या दोन्हीकडे सारख्याच उत्साहाने आल्या. थोडक्यात, आपल्या चौकटीप्रमाणे माझा पाक शुद्ध मध ठरला आणि मोहोळातला मध भेसळीचा!

यात चमत्कार काहीच नाही. या चाचण्यांतून द्रव किती घट्ट आहे आणि त्यात पाणी किती आहे एवढेच कळते. ती साखर फुलातून आली की कारखान्यातून, हे पाण्याच्या पेल्याला कसे समजणार? मकरंदात पाणी भरपूर असते. माश्या तो एकमेकींच्या तोंडून फिरवतात, पंखांनी वारा घालतात आणि बराचसा ओलावा उडवल्यावरच मेणाने कप्प्याचे तोंड बंद करतात. पिकलेल्या मधात साधारण १७-१८ टक्के पाणी उरते. दमट हवेत, घाईने काढलेल्या पोळ्यात ते २० टक्क्यांच्या वर जाते, आणि आग्याचा मध पातळ असतो हे जंगलातून मध आणणारा कोणीही सांगेल. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकात ओलाव्याची मर्यादा बहुतेक मधांना २० टक्के आहे, त्यामुळे माझ्या बाटलीतला मध कदाचित तिथेही बसला नसता. तो लवकर आंबेल, ही तक्रार मान्य. पण त्याला भेसळ म्हणायचे असेल तर मग पावसालाच भेसळखोर म्हणावे लागेल.

व्हिनेगरने फेस येतो, आयोडीनने निळा रंग येतो, याही चाचण्या अधूनमधून छापून येतात. फेस येतो तो खडूच्या भुकटीने, निळा रंग येतो तो पिठाने, आणि तेवढे त्या चाचण्या खरोखर ओळखतात. पण आजचा भेसळ करणारा मधात खडू किंवा पीठ कशाला घालील? तो पिठातला सगळा स्टार्च आधीच फोडून घेतलेले सिरप वापरतो. बशीत मधावर पाणी ओतून हलवले की षटकोन दिसतात, म्हणजे मधाला पोळ्याची आठवण असते, असेही कोणी कोणी सांगते. षटकोन मेणाच्या कप्प्यांना असतात. मध ज्या भांड्यात ओताल त्या भांड्याचा आकार घेतो.

मला खरा राग आहे तो चौकटीतल्या शेवटच्या ओळीचा: 'शुद्ध मध थिजत नाही, त्यात साखर धरत नाही.' हे साफ उलटे आहे. मधातले ग्लुकोज पाण्यात फ्रुक्टोजपेक्षा कमी विरघळते, म्हणून गारव्यात त्याचे स्फटिक होतात आणि मध रवाळ होतो. १४ अंश सेल्सिअसच्या आसपास हे सर्वांत वेगाने घडते. परागाचे आणि मेणाचे बारीक कण असतील तर त्यांच्याभोवती रवा आणखी लवकर धरतो. मोहरीवर्गातल्या फुलांचा किंवा सूर्यफुलाचा मध काही आठवड्यांतच घट्ट होऊ शकतो. ज्यात फ्रुक्टोज जास्त, तो महिनोन् महिने वाहता राहतो. दोन्ही अस्सल. बाटली कोमट पाण्यात, ४० अंशांच्या वर न जाता, ठेवली की रवा विरघळतो. (रवा धरला म्हणजे मध शुद्धच, असेही कोणी म्हणू नये. साखरेचा पाकही थिजतो.)

या एका ओळीने केवढे नुकसान होते पाहा. गिऱ्हाईक रवाळ बाटली परत आणून 'तुम्ही साखर घातलीत' म्हणून मधपाळाला चारचौघांत फैलावर घेते. मग विकणारा मध तापवतो, अतिबारीक चाळणीतून दाबून गाळतो, म्हणजे तो वर्षभर काचेसारखा चकचकीत राहतो. तापवल्याने माश्यांनी घातलेली विकरे (एन्झाइम) मरतात आणि साखर तापल्यावर तयार होणारे एचएमएफ नावाचे द्रव्य वाढते. बारीक गाळणीत परागकण जातात. हा मध कोणत्या फुलांचा, कोणत्या मुलखातला, हे सूक्ष्मदर्शकाखाली सांगणारा पुरावा म्हणजे तेच परागकण. म्हणजे शुद्धतेच्या खुळापायी आपण आधी मध बिघडवायला लावतो आणि मग त्याची ओळखही पुसायला लावतो.

मग भेसळ कळते कशी? प्रयोगशाळेत, आणि तिथेही सहज नाही. यातली एक युक्ती मला फार आवडते. निसर्गात कार्बन दोन स्थिर प्रकारचा असतो, हलका १२ आणि किंचित जड १३. ऊस आणि मका यांची हवेतला कार्बन पकडण्याची रीत वेगळी आहे, त्यामुळे त्यांच्या साखरेत १३चा वाटा थोडा जास्त असतो. मकरंद देणाऱ्या बहुतेक झाडांत तो कमी. प्रयोगशाळा मधातले थोडेसे प्रथिन वेगळे काढते आणि प्रथिनातला कार्बन साखरेतल्या कार्बनशी जुळवून पाहते. खऱ्या मधात दोन्ही जुळतात. बाहेरून साखर ओतली तर फक्त साखरेचा आकडा सरकतो, प्रथिनाचा जागेवरच राहतो. जणू साक्षीदार बाटलीतच बसलेला. ७ टक्क्यांपेक्षा जास्त ऊस-मक्याची साखर असेल तर ती या चाचणीत पकडली जाते.

अर्थात हे भेसळ करणाऱ्यांनाही कळले. तांदूळ आणि बीट यांची कार्बन पकडण्याची रीत मकरंदाच्या झाडांसारखीच असल्याने त्यांचे सिरप या चाचणीतून सुखरूप सुटते. मग तांदळाच्या सिरपच्या खुणा शोधणाऱ्या चाचण्या आल्या, मधात नैसर्गिकरीत्या नसणाऱ्या लांब साखळीच्या साखरा शोधणाऱ्या आल्या, एनएमआर, म्हणजे नमुना चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्यातली द्रव्ये ओळखणारी तपासणी, आली. एनएमआरमध्ये नमुन्याचा आलेख हजारो अस्सल नमुन्यांशी ताडून पाहतात. पण तो संग्रह ज्या मुलखातल्या मधांवरून बनला असेल तेवढाच त्याचा आवाका. अनोळखी फुलांचा खरा मधही तिथे विनाकारण संशयात येऊ शकतो. युरोपीय आयोगाने २०२३मध्ये जाहीर केलेल्या तपासणीत आयात मधाच्या ३२० नमुन्यांपैकी १४७, म्हणजे ४६ टक्के, संशयास्पद निघाले. शब्द 'संशयास्पद' हाच होता, 'भेसळ सिद्ध' नव्हे. एवढी यंत्रे हाताशी असूनही तिथले लोक शब्द जपून वापरतात आणि आपण काडेपेटीवर निकाल देतो.

वाचकाच्या हातात काहीच नाही असे मी म्हणणार नाही. विकणाऱ्याला विचारावे: कोणता फुलोरा, कोणत्या महिन्यात काढला, तापवला का. स्वतः मध काढणारा उत्तर देताना अडखळत नाही, उलट त्याला थांबवावे लागते. लेबलवर एकाच देशाचे नाव आहे की 'अनेक देशांतील मधांचे मिश्रण', ते पाहावे. दर वेळी रंग, वास, चव तंतोतंत तीच असेल तर थोडे सावध व्हावे. फुले बदलतात तसा मध बदलतो. यातले काहीही पुरावा नाही, फार तर अंदाज आहे. पण तो अंदाज मुंगीपेक्षा बरा.

आणि एक गोष्ट आपल्या चौकटीत यायलाच हवी होती. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, तो कितीही शुद्ध असला तरी. मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या आतड्यात ते वाढतात.

आपल्याला विनंती दोन. 'शुद्ध मध थिजत नाही' या ओळीची दुरुस्ती, निदान मूळ चौकटीएवढ्याच आकारात, छापावी. आणि पुन्हा कधी या विषयावर लिहायचे झाले तर घरगुती युक्त्यांऐवजी बाजारातले नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून, चाचण्यांच्या नावांसह निकाल द्यावेत. ते होईपर्यंत माझ्या दोन्ही बाटल्या, वर नाव न लिहिता, आपल्या कार्यालयात पाठवायला मी तयार आहे. पुरवणीच्या संपादकांनी त्यांतली मधाची बाटली त्यांच्या चौकटीप्रमाणे ओळखून दाखवावी. चाखून पाहायची मात्र परवानगी नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक