अपील नाकारा, पण आधी ते वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झालेल्या स्त्रियांचा खांदा आणि हात पुन्हा चालता करणे हे माझे काम. काखेतल्या लसीकाग्रंथी काढल्या की हात जड वाटतो, कातडी ओढल्यासारखी होते. दुखते म्हणून बाई हात छातीशी धरून बसते आणि खांदा दिवसागणिक आखडत जातो. दवाखान्यात शिकवलेला व्यायाम घरी पोहोचेपर्यंत निम्मा विसरलेला असतो. म्हणून सहा वर्षांपूर्वी मी सोशल मीडियावर एक खाते उघडले आणि एकेका व्यायामाचे चित्र काढून, खाली मराठीत समजावून टाकू लागले. गेल्या वर्षी एका सकाळी ते खाते सस्पेंड झाले. परत मिळवायला २३ दिवस लागले. त्या दिवसांत जे कळले ते दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडावे, आणि एक मागणी मोठ्याने करता यावी, यासाठी हे पत्र.

ज्या चित्रावरून हे घडले ते असे होते. एक बाई भिंतीशेजारी उभी आहे, ऑपरेशन झालेली बाजू भिंतीकडे. त्या बाजूची छाती सपाट, तिच्यावर टाक्यांची तिरकी रेघ. हाताची बोटे मुंगीसारखी भिंतीवरून वर चढताहेत. भिंतीवर पेन्सिलीने आडव्या खुणा केलेल्या आणि प्रत्येक खुणेपुढे तारीख : काल बोटे इथवर गेली, आज इथवर. छाती झाकून काढली असती तर हात वर जाताना टाका नेमका कुठे ओढला जातो ते दिसले नसते, आणि तेच तर दाखवायचे होते. साधे पेन्सिलीचे रेखाचित्र होते. वर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, ‘कॅन्सरच्या ऑपरेशननंतर खांद्याचा व्यायाम’.

त्या सकाळी मी एका बाईंना उत्तर लिहीत होते. त्यांनी विचारले होते, बोटे कानाच्या उंचीपर्यंत जातात, पुढे कळ येते, तर थांबू की रेटू? उत्तर अर्धे लिहून झाले आणि पडदा बदलला. ‘आपले खाते आमच्या नियमांत बसत नसल्याने निलंबित करण्यात आले आहे.’ कोणती पोस्ट, कोणता शब्द, कोणते चित्र, काही नाही. खाली अपिलाचे बटण. माझ्याशी इनबॉक्समधून बोलणाऱ्या चाळीसएक बायकांपैकी बहुतेकींचा दुसरा कोणताही नंबर माझ्याकडे नव्हता. ही माझी चूक, आणि ती मी आता सुधारली आहे.

पहिले अपील मी रागाच्या भरात केले. ‘मी काहीही चुकीचे केलेले नाही, मी लोकांना मदत करते, खाते ताबडतोब सुरू करा.’ चार मिनिटांत नकार आला. इतक्या वेळात कुणी माझी सहा वर्षांची चित्रे उघडून पाहिली असतील यावर माझा विश्वास नाही. पण आज ते वाक्य पुन्हा वाचले की हेही कळते, की एखाद्या माणसाने ते वाचले असते तरी त्याला त्यातून काहीच मिळाले नसते. रुग्ण ‘दुखतंय’ एवढेच म्हणाला तर मी काय उपचार करणार? कुठे, कधीपासून, काय केल्यावर, हे विचारावे लागते. अपिलातही तेच आधी आपण सांगावे लागते.

दुसऱ्या खेपेला मी केस पेपर लिहितात तसे लिहायला बसले. आधी निदान. खाते ‘लॉक’ झाले आहे की ‘सस्पेंड’, हा फरक अनेकांना माहीत नसतो आणि तिथेच वेळ जातो. अनोळखी फोनवरून लॉगिन झाले किंवा पासवर्डवर संशय आला, तर खाते लॉक होते. तिथे आपली ओळख पटवायची असते, कोड टाकायचा असतो, कधी ओळखपत्र किंवा चेहऱ्याचा व्हिडिओ द्यायचा असतो. सस्पेंड म्हणजे नियम मोडल्याचा ठपका. तिथे आपली बाजू मांडायची असते. दोन्ही गोष्टी एकत्र झालेले लोकही मला भेटले : खाते कुणी हॅक केले, त्यावरून भलतेच टाकले आणि शिक्षा मूळ मालकाला. अशा वेळी अपिलात पहिल्याच ओळीत ‘या तारखेपासून खाते माझ्या ताब्यात नव्हते’ हे लिहावे आणि लॉगिनच्या इशाऱ्याचे ई-मेल जपून ठेवावेत. नाहीतर आपण त्या पोस्टचे समर्थन करत आहोत असे वाटते.

मग मी नियम वाचले. नकाराच्या ई-मेलमध्ये ‘नग्नता’ एवढा एक शब्द होता, त्यावरून तो विभाग शोधला. तिथे स्पष्ट लिहिलेले होते की वैद्यकीय आणि आरोग्यविषयक चित्रांना सूट आहे. म्हणजे मी नियम मोडलाच नव्हता. तो लावताना चूक झाली होती. मग माझ्या पोस्टमधली कोणती यात सापडली असेल ते शोधले, आणि भिंतीच्या त्या चित्राशी येऊन थांबले. नकाराच्या ई-मेलमध्ये पुढचा रस्ता दिलेला नव्हता. तो मदतीच्या पानांच्या अगदी तळाशी, तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या शीर्षकाखाली मिळाला. तिथे मी हे लिहिले :

‘मी फिजिओथेरपिस्ट आहे. सोबतचे चित्र स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर करायच्या व्यायामाचे रेखाचित्र आहे. तुमच्या नग्नतेच्या नियमात आरोग्यविषयक चित्रांना सूट आहे, ते कलम खाली उतरवले आहे. चित्रावरचा मजकूर मराठीत आहे, त्याचा इंग्रजी अर्थ सोबत दिला आहे. या चित्राऐवजी दुसऱ्या कोणत्या पोस्टवर आक्षेप असेल तर ती कोणती ते कळवावे. कृपया हे मराठी वाचता येणाऱ्या व्यक्तीला दाखवावे.’

सोबत चित्र, निलंबनाच्या सूचनेचा स्क्रीनशॉट, माझ्या नोंदणीचा दाखला आणि अपिलाचा क्रमांक. एवढेच. चित्राखाली मिळालेल्या कौतुकाचे स्क्रीनशॉटही जोडावेत असे फार वाटत होते, पण जोडले नाहीत. तपासणाऱ्याला नियमाशी कर्तव्य असते.

हे लिहिताना मला बळ मिळाले ते ब्राझीलमधल्या एका प्रकरणामुळे. ऑक्टोबर २०२० मध्ये तिथल्या एका व्यक्तीने इन्स्टाग्रामवर स्तनाच्या कॅन्सरची लक्षणे ओळखता यावीत म्हणून एका पोस्टमध्ये आठ फोटो टाकले होते. ती पोस्ट यंत्रणेने आपोआप काढून टाकली. चित्रावर पोर्तुगीजमध्ये ‘स्तनाचा कॅन्सर’ असे लिहिलेले होते, ते यंत्राला ओळखता आले नव्हते. प्रकरण ओव्हरसाइट बोर्डाकडे, म्हणजे असे निर्णय तपासण्यासाठी इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीने नेमलेल्या स्वतंत्र मंडळाकडे गेले. बोर्डाने ते सुनावणीसाठी निवडल्यावर कंपनीने चूक मान्य करून पोस्ट परत आणली, तरीही बोर्डाने २८ जानेवारी २०२१ रोजी निकाल दिलाच : काढून टाकणे चुकीचे होते, यंत्राने निर्णय घेतला असेल तर वापरणाऱ्याला तसे सांगावे आणि माणसाकडे अपील करता यावे. वाचताना माझ्या डोळ्यांपुढे माझेच चित्र होते. जे पोर्तुगीज अक्षरांचे झाले, तेच मराठी अक्षरांचे झाले असणार.

यंत्राने प्राथमिक चाळणी करावी, याला माझा विरोध नाही. रोज येणाऱ्या पोस्टचा पूर माणसांनी एकेक करून पाहणे शक्य नाही, आणि लहान मुलांच्या शोषणाची चित्रे कुणाच्या नजरेला पडण्याआधीच अडवली गेली पाहिजेत. पण अपील म्हणजे दुसऱ्यांदा पाहणे. पहिल्यांदा ज्याने चूक केली त्याच्याचकडे तेच चित्र पुन्हा फिरवले तर उत्तर तेच येणार. एक्स-रेबद्दल शंका आली तर आपण दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतो, त्याच यंत्रातून दुसरी प्रिंट काढत नाही.

ही माझी एकटीची अपेक्षा नाही. नागरी संघटना आणि अभ्यासकांनी २०१८ मध्ये मांडलेल्या ‘सांता क्लारा तत्त्वां’मध्ये हेच आहे : कारवाईची नेमकी सूचना द्या, आणि अपील अशा माणसाकडे जाऊ द्या ज्याचा पहिल्या निर्णयात हात नव्हता. युरोपीय संघात तर आता तसा कायदाच आहे. १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झालेल्या डिजिटल सर्व्हिसेस अ‍ॅक्टनुसार खाते निलंबित करताना कारणांचे निवेदन द्यावे लागते, त्यात यंत्राचा वापर झाला का तेही सांगावे लागते, तक्रारीसाठी किमान सहा महिने ठेवावे लागतात आणि तक्रारीचा निकाल निव्वळ यंत्राच्या भरवशावर देता येत नाही. भारतात कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांच्या आत सरकारने नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येते. या समित्या २०२३ पासून काम करत आहेत. त्यांची गरज मला पडली नाही, पण असा दरवाजा आहे हे मला पहिल्या दिवशी माहीत असते तर त्या रात्री थोडी झोप लागली असती.

दोन गोष्टींपासून मात्र सावध करायला हवे. मी दुसऱ्या एका ठिकाणी ‘माझे खाते गेले, कुणाला काही माहीत आहे का’ असे लिहिले आणि तासाभरात तीन अनोळखी लोकांचे निरोप आले. ‘आत ओळख आहे, उद्या सुरू करून देतो.’ एकाने पैसे मागितले. दुसऱ्याने पैशांचे नावही काढले नाही, फक्त म्हणाला, तुम्हाला एक ओटीपी येईल तो सांगा. हा दुसरा जास्त घातक. ओटीपी दिला की खाते सुरू होवो न होवो, ते आपले राहत नाही. अपिलाचा रस्ता त्या अ‍ॅपमधून किंवा कंपनीच्या अधिकृत मदतीच्या पानावरूनच जातो आणि ओळखपत्र फक्त तिथेच अपलोड करायचे. दुसरी गोष्ट, घाईने नवे खाते उघडण्याची. माझी तर बोटे शिवशिवत होती, कारण बायका वाट पाहत होत्या. पण निलंबन चालू असताना नवे खाते काढणे म्हणजे कारवाई चुकवणे, असे अनेक ठिकाणी धरले जाते. मग चूक त्यांची असली तरी एक खरी चूक आपल्या नावावर लागते. थांबावे. अपिलाची मुदत मात्र पाहून ठेवावी. काही ठिकाणी ती १८० दिवसांची असते, त्यानंतर खाते कायमचे जाते. आणि आपल्या माहितीची प्रत डाउनलोड करायची सोय दिसत असेल तर ती त्याच दिवशी वापरावी.

तेविसाव्या दिवशी एका ओळीचे ई-मेल आले. ‘पुन्हा तपासणी केल्यावर आपले खाते पूर्ववत करण्यात आले आहे.’ चूक कुणाची, कशामुळे झाली, याबद्दल शब्द नाही. खाते उघडले, तर बाकी सगळे होते आणि भिंतीचे चित्र नव्हते. खात्याच्या नोंदीत त्याच्यापुढे ठपका तसाच होता. म्हणजे पुढे एखाद्या चित्राला पुन्हा यंत्राने हटकले तर तो माझा ‘दुसरा गुन्हा’ ठरणार. ज्या पोस्टसाठी खाते बंद झाले, खाते परत देताना ती पोस्ट आणि तो ठपका यांचा निकाल त्याच वेळी लागला पाहिजे.

माझी मागणी म्हणून एवढीच आहे. निलंबनाच्या सूचनेत पोस्ट आणि नियम दोन्ही दाखवा. अपील त्या पोस्टची भाषा येणाऱ्या माणसाला वाचू द्या. नाकारले तर का नाकारले ते दोन वाक्यांत लिहा. अपील फेटाळण्याचा हक्क कंपनीला आहे, हे मला मान्य आहे, आणि कुणी खरोखर विखार पसरवत असेल तर त्याचे अपील फेटाळलेच पाहिजे. पण ते वाचून फेटाळले पाहिजे.

भिंतीच्या चित्रासाठी मी वेगळे अपील केले आहे. ते अजून प्रलंबित आहे.

खाते सुरू झाल्यावर मी पहिले काम केले ते त्या बाईंना अर्धवट राहिलेले उत्तर पूर्ण करण्याचे. कळ येते तिथे थांबा, पाच मोजा, श्वास सोडा आणि मगच बोट वर घ्या, रेटू नका. त्यांनी उत्तरादाखल त्यांच्या भिंतीचा फोटो पाठवला. खाली पेन्सिलीच्या खुणा एकीवर एक, रोजची तारीख घातलेल्या, कानाच्या उंचीपर्यंत. शेवटची तारीख माझे खाते बंद झाले त्या दिवसाची. विचारायला कुणी नव्हते, म्हणून घाबरून त्यांनी व्यायाम सोडून दिला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटो आला. नवी खूण जुन्या शेवटच्या खुणेपेक्षा चार बोटे खाली होती.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट