चीफ्सची डागडुजी दोन्ही कडांपासून व्हावी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या कॅन्सस सिटी चीफ्सचा 2025 चा हंगाम 6 विजय आणि 11 पराभवांवर आटोपला. सलग नऊ वर्षे गटविजेतेपद राखणारा हा संघ प्लेऑफच्या बाहेर राहिला आणि 14 डिसेंबरला चार्जर्सविरुद्ध क्वार्टरबॅक (चेंडू टाकणारा) पॅट्रिक महोम्सच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. तेव्हापासून एनएफएलवरच्या चर्चेत एकच मागणी कानावर येते: ड्राफ्टच्या (नवोदितांच्या वार्षिक निवडीच्या) पहिल्या फेरीत वेगवान रिसीव्हर (चेंडू झेलणारा) घ्या, नाहीतर मोठी रक्कम मोजून नावाजलेला रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) आणा. ही मागणी मला साफ चुकीची वाटते. चीफ्सचे दुखणे चेंडू झेलणाऱ्यांत नाही. ते चेंडू टाकणाऱ्याच्या पुढे उभ्या राहणाऱ्या पाच जणांत आहे, आणि त्यातही दोन टोकांच्या टॅकलच्या जागांवर आहे (मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल अशी ही लाइन असते).

9 फेब्रुवारी 2025 ची न्यू ऑर्लिन्समधली सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, आठवा. फिलाडेल्फिया ईगल्सने 40-22 असा विजय मिळवला, महोम्सला 6 वेळा सॅक केले (चेंडू टाकण्याआधीच पाडले), आणि हे सारे एकदाही ब्लिट्झ न करता. म्हणजे प्रत्येक पासच्या वेळी त्यांचे नेहमीचे चारच जण क्वार्टरबॅकवर धावून गेले आणि उरलेले सात मागे राहून रिसीव्हर्सना सांभाळत राहिले. पास झेलायला जास्तीत जास्त पाच जण धावू शकतात. त्या पाचांवर सात जणांची नजर असेल, तर कुणीतरी मोकळा सुटेपर्यंत क्वार्टरबॅकला थांबावे लागते, आणि तेवढा वेळ पुढच्या लाइनने मिळवून द्यायचा असतो. चीफ्सच्या पाच जणांना समोरचे चार आवरले नाहीत. पहिल्या अर्ध्यात संघाने मिळून 23 यार्ड काढले आणि गुणफलक 24-0 होता. त्या रात्री जगातला उत्तमोत्तम रिसीव्हर आणून उभा केला असता, तरी चेंडू त्याच्यापर्यंत पोचला नसता.

ही वेळ का आली, ते पाहण्यासारखे आहे. 2024 च्या एकाच हंगामात लेफ्ट टॅकलच्या जागेवर चार जण आजमावले गेले: किंग्सली सुआमाटाइया, वान्या मॉरिस, डी. जे. हम्फ्रीज आणि अखेरीस जो थूनी. थूनी हा लीगमधल्या अव्वल गार्डपैकी एक, पण टॅकलचे काम निराळे. गार्डच्या दोन्ही बाजूंना आपला माणूस असतो, टॅकलची बाहेरची बाजू उघडी असते. रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) रुंद उभा राहतो आणि स्नॅप होताच, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू होताच, कडेने कमान घेत धावतो. त्याला अडवायला टॅकलला मागे सरकत जावे लागते. कंबर लवकर वळवली की रशर आतून घुसतो. हात पोचायला उशीर झाला, किंवा मुळात हात आखूड असले, की रशरचे तळवे आधी टॅकलच्या छातीवर बसतात आणि तो थेट क्वार्टरबॅकच्या अंगावर ढकलला जातो. उजव्या हाताच्या क्वार्टरबॅकची पाठ याच बाजूला असते, त्यामुळे येणारा माणूस त्याला दिसतही नाही.

कडेने दाब आला तर क्वार्टरबॅक पुढे सरकून जागा शोधतो. ती जागा गार्ड आणि सेंटरने धरून ठेवायची असते. पण थूनी कडेला गेल्यामुळे त्याच्या मूळ जागी राखीव फळीतला माइक कॅलिएंडो आला होता. एक भोक बुजवायला दुसरे पाडले गेले. कडेनेही दाब, मधूनही दाब, मग महोम्स जाणार कुठे?

हे पहिल्यांदा घडले असते तर नशिबाला बोल लावता आला असता. पण 7 फेब्रुवारी 2021 ला टॅम्पा बेने याच संघाला 31-9 असे हरवले तेव्हाही हीच कथा होती. एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ हे दोन्ही टॅकल जखमी होते. माइक रेमर्सला उजवीकडून डावीकडे हलवले, गार्ड अँड्र्यू वायलीला उजव्या टॅकलवर उभे केले, आणि महोम्स सामनाभर जीव घेऊन पळत राहिला. चार वर्षांच्या अंतराने दोन अंतिम सामने गेले, आणि दोन्ही वेळा माणसे आपली जागा सोडून परक्या जागेवर खेळत होती.

2021 नंतर चीफ्सने जे केले, तो मात्र ऑफसीझन कसा असावा याचा वस्तुपाठ होता. फिशर आणि श्वार्ट्झ दोघांनाही मोकळे केले. थूनीला 5 वर्षांसाठी 8 कोटी डॉलरच्या करारावर आणले. ऑर्लँडो ब्राउनला बॉल्टिमोरकडून अदलाबदलीत घेतले. ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत 63 व्या पाळीवर सेंटर क्रीड हम्फ्री मिळाला, सहाव्या फेरीत 226 व्या पाळीवर गार्ड ट्रे स्मिथ. एका उन्हाळ्यात पाचही जागा बदलल्या. पुढच्या वर्षी, मार्च 2022 मध्ये, टायरीक हिलसारखा रिसीव्हर मायामीला देऊन पाच ड्राफ्ट पाळ्या घेतल्या, आणि त्यानंतरच्या लागोपाठ दोन्ही सुपर बोल जिंकल्या. रिसीव्हरवाचून आकाश कोसळते म्हणणाऱ्यांनी हा क्रम नीट पाहावा.

मग 2025 च्या उन्हाळ्यात काय चुकले? हेतू बरोबर होता, पैसा चुकीच्या जागी गेला. ट्रे स्मिथला फ्रँचायझी टॅग (करार संपलेल्या खेळाडूला ठरावीक रकमेत एक वर्ष रोखून धरण्याचा संघाचा हक्क) लावला गेला. या टॅगची रक्कम काढताना नियम सेंटर, गार्ड आणि टॅकल असा भेद करत नाही. सगळे लाइनमन एकाच पारड्यात मोजले जातात आणि महागड्या टॅकलमुळे गार्डचाही भाव वर जातो. त्या वर्षी तो 2 कोटी 34 लाख डॉलर होता. जुलैत त्याचे रूपांतर 4 वर्षे, 9 कोटी 40 लाखांच्या करारात झाले. या जुळवाजुळवीत, कराराचे एकच वर्ष उरलेला थूनी शिकागो बेअर्सला गेला, बदल्यात 2026 ची चौथ्या फेरीतली एक पाळी मिळाली. डाव्या कडेसाठी जेलन मूरला 2 वर्षांसाठी 3 कोटी डॉलर दिले आणि पहिल्या फेरीच्या शेवटच्या, 32 व्या पाळीवर जॉश सिमन्सला निवडले. सिमन्समध्ये गुणवत्ता आहे याबद्दल दुमत नाही. गुडघ्याचा टेंडन फाटल्यामुळेच तो इतका खाली मिळाला. पण नोव्हेंबरअखेर मनगटाच्या दुखापतीने तो बाहेर गेला आणि मागची फळी पुन्हा उघडी पडली. राइट टॅकल जवान टेलरला 2023 मध्ये 4 वर्षांसाठी 8 कोटी डॉलर मोजले होते. त्याच हंगामात लीगमध्ये सर्वाधिक पेनल्टी त्याच्याच नावावर लागल्या. आज मधल्या तिघांतले दोघे, हम्फ्री आणि स्मिथ, भक्कम करारांवर बांधलेले आहेत आणि दोन्ही टोके हलती आहेत.

शिकागोने मार्च 2025 मध्ये नेमके उलट केले. त्यांचा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स 2024 मध्ये 68 वेळा सॅक झाला होता. त्यांनी थूनी, जोना जॅक्सन आणि ड्रू डालमन असे मधले तिघे एका झटक्यात आणले. पुढच्या हंगामात सॅकचा आकडा निम्म्याच्याही खाली गेला आणि 5 विजयांवरून संघ 11 विजयांवर पोचला. नव्या प्रशिक्षकाचा वाटा त्यात मोठा होताच, पण प्रशिक्षकाची आखणीही उभ्या राहिलेल्या क्वार्टरबॅकलाच राबवता येते.

आता पैशांचे. सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारखर्चाची मर्यादा) 2025 मध्ये 27 कोटी 92 लाख डॉलर होती, आणि 2026 साठी करारानुसार एकट्या महोम्सचा आकडा 7 कोटी 80 लाखांच्या आसपास ठरलेला होता. अशा वेळी सगळेजण रिस्ट्रक्चरचा, म्हणजे कराराची फेरमांडणी करण्याचा, मंत्र सांगतात. त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. समजा, एखाद्या खेळाडूच्या कराराची पाच वर्षे उरली आहेत आणि त्याच्या यंदाच्या पगारातले 2 कोटी डॉलर बोनसमध्ये बदलले. ती रक्कम खेळाडूला लगेच मिळते, पण कॅपवर 40 लाखांच्या पाच हप्त्यांत मोजली जाते. यंदा 1 कोटी 60 लाखांची जागा मोकळी होते आणि पुढच्या चारही वर्षांत 40-40 लाखांचा बोजा वाढतो. दोन हंगामांनंतर त्याला काढायची वेळ आली, तर उरलेले 1 कोटी 20 लाख एकदम अंगावर येतात. 1 जूनची सवलत (खेळाडूला 1 जूननंतर काढल्याचे मानण्याची) वापरली तर 40 लाख त्या वर्षी आणि 80 लाख पुढच्या वर्षी असे विभागता येतात, पण मार्चमध्ये अशी सवलत एका संघाला दोघांसाठीच, आणि वाचलेली जागा जूनमध्ये हाती येते. मार्चमधल्या खरेदीला तिचा उपयोग नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, रिस्ट्रक्चर फक्त महोम्सचे करावे, कारण तो पुढची पाच वर्षे इथेच राहणार हे नक्की आहे. टेलरसारख्या अखेरच्या वर्षातल्या करारात नवी वर्षे घालून बोजा पुढे ढकलण्याचा मोह टाळावा. डेन्व्हरने क्वार्टरबॅक रसेल विल्सनला सोडताना दोन वर्षांत मिळून साडेआठ कोटी डॉलर, न खेळणाऱ्या माणसापायी, कॅपवर सोसले आहेत.

2026 च्या ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत चीफ्सच्या वाट्याला पहिल्या दहांतली पाळी आली. तिथे टॅकल घ्यावा आणि त्याला उजवीकडेच वाढवावे. सिमन्सला डावीकडून हलवू नये. बाजू बदलली की पुढचा पाय, आधी जाणारा हात आणि कंबरेचे वळण सगळे आरशातल्यासारखे उलटे होते. ते अंगवळणी पडायला काही महिने लागतात, आणि नवख्याला तर जास्तच. मूरला तिसरा टॅकल म्हणून दोन्ही बाजूंसाठी तयार ठेवावे. त्या पाळीपर्यंत चांगला टॅकल उरलाच नाही, तर बचावाच्या लाइनमधला माणूस घ्यावा. ब्लिट्झशिवाय सामना जिंकणारे चार जण चीफ्सकडेही हवेत. ख्रिस जोन्स एकटा किती दिवस ओढणार?

रिसीव्हरच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मान्य करतो. रिसीव्हर रशी राइस 2024 मध्ये जखमी झाला, 2025 मध्ये पहिले सहा सामने निलंबित होता, आणि टाइट एंड (पास झेलणारा आणि अडवणूकही करणारा खेळाडू) ट्रॅव्हिस केल्सी पस्तिशी ओलांडून गेला. नवा टाइट एंड लागेल. पण तो दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत मिळतो, लेफ्ट टॅकल सहसा मिळत नाही. शिवाय महोम्सच्या गुडघ्यासारख्या दुखापतीतून सावरायला साधारण नऊ महिने धरतात. डिसेंबरच्या मध्यापासून मोजले तर सप्टेंबर उजाडतो, म्हणजे हंगाम सुरूच झालेला असेल. पळून सुटका करून घेणारा महोम्स सुरुवातीला नसेल, आणि असलाच तर त्याच्या गुडघ्यावर भरवसा टाकता येणार नाही.

फ्री एजन्सीत (मोकळ्या झालेल्या खेळाडूंच्या भरतीत) थोडा धीर धरला तर फायदा आहे. दुसऱ्या संघांनी काढून टाकलेले खेळाडू घेतले, तर ते भरपाईच्या पाळ्यांच्या (खेळाडू गमावल्याबद्दल मिळणाऱ्या जादा ड्राफ्ट पाळ्यांच्या) हिशेबात धरले जात नाहीत. करार संपून आलेले खेळाडूही ड्राफ्टनंतरच्या सोमवारपुढे घेतले, तर हिशेबात येत नाहीत. ईगल्स हे काटेकोरपणे पाळतात. त्यांनी 2024 मध्ये झॅक बॉनला एका वर्षासाठी 35 लाखांत घेतले, मेखाय बेक्टनलाही एकाच वर्षासाठी घेऊन टॅकलचा गार्ड केला, आणि सुपर बोल जिंकताच मिल्टन विल्यम्सला न्यू इंग्लंडच्या 10 कोटी 40 लाखांमागे जाऊ दिले. सेंटर जेसन केल्सीचा वारस म्हणून कॅम जर्गन्सला त्यांनी 2022 मध्येच, गरज पडण्याच्या दोन वर्षे आधी, दुसऱ्या फेरीत घेऊन ठेवले होते. चीफ्सने टॅकलच्या बाबतीत हेच करावे: दरवर्षी एक, पहिल्या तीन फेऱ्यांत, सध्याचा कितीही चांगला असला तरी.

शेवटी ऑगस्टमधली छाटणी. 90 खेळाडूंवरून 53 वर येताना आक्रमणाच्या आठ लाइनमनवर थांबायची सवय अनेक संघांना आहे. सामन्याच्या दिवशी किमान आठ लाइनमन गणवेशात असतील तर 47 ऐवजी 48 खेळाडू उतरवता येतात, म्हणून आठ. पण एक जखमी झाला की हा आकडा मोडतो आणि शनिवारी सराव पथकातून माणूस वर काढावा लागतो, आणि एकाच माणसाला असे हंगामात तीनदाच काढता येते. चीफ्सने दहा ठेवावेत, त्यांत चार टॅकल असावेत, आणि सरावसामन्यांत दुसऱ्या फळीच्या डाव्या टॅकलवर पहिल्या दिवसापासून एकच माणूस खेळवावा. नोव्हेंबरमध्ये त्याची पाळी आली, तर शेजारच्या गार्डला जागा सोडावी लागता कामा नये.

आपला,
एक नियमित वाचक