शुगर नाही, तरी शुगरची गोळी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोलेस्टेरॉलसाठी वर्षातून दोनदाच घ्यायच्या इंजेक्शनची बातमी आपल्या आरोग्य पानावर वाचली. चांगलीच आहे. पण आमच्या डबीत आधीपासून असलेल्या एका गोळीबद्दलही चार ओळी छापाव्यात, म्हणून हे पत्र.

मी शिरोली एमआयडीसीत 31 वर्षे टर्नर होतो. शेतीपंपांचे शाफ्ट घासण्यात हयात गेली आणि दीड वर्षापूर्वी स्वतःचाच पंप बसला. अटॅकनंतर इकोमध्ये 'पंपिंग 30 टक्के' आलं. पाच गोळ्या सुरू झाल्या, त्यातली एक डापाग्लिफ्लोझिन. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर दोस्तानं पाकीट बघितलं. "मर्दा, ही शुगरची गोळी. आमच्या घरात चालू हाय. तुला कुठं शुगर हाय?"

शुगर नव्हतीच. पण पुढच्याच तपासणीत लघवीत साखर निघाली. औषधच रोग लावतंय असं वाटून घरात न सांगता गोळी बंद केली. तीन आठवड्यांत चप्पल पायात जाईना, आणि रात्री पाठीला तीन उशा लावून बसायची वेळ आली.

पुन्हा ॲडमिट झालो तेव्हा एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टच्या मागं पेनानं चित्र काढलं. मूत्रपिंड रक्त गाळतं तेव्हा साखरही खाली उतरते. एसजीएलटी-2 नावाचं प्रथिन ती मिठासकट उचलून परत रक्तात टाकतं. गोळी त्या प्रथिनाला अडवते. साखर, मीठ आणि त्यांच्यामागून थोडं पाणी बाहेर जातं. म्हणजे माझ्या लघवीतली साखर ही गोळी काम करत असल्याची खूण होती! हृदयाला फायदा नेमका कशानं होतो, यावर मात्र शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही म्हणे. आमच्या शॉपमध्येही असं व्हायचं. मशीन चालायची, कारण नंतर सापडायचं.

फायदा मात्र मोजलेला आहे. 2019 साली हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे माझ्यासारखं हृदयाचं पंपिंग कमी झालेल्या 4,744 रुग्णांवरचा याच गोळीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना मधुमेह नव्हता. सुमारे दीड वर्षात दुखणं बळावणं किंवा हृदयविकारानं मृत्यू, हे गोळीवाल्यांत शंभरात 16 जणांच्या वाट्याला आलं, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत 21 जणांच्या. मधुमेह असो-नसो, फरक तोच. शिवाय 2020 मध्ये भारतात तिचं मूळ पेटंट संपलं, देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि आमच्या पेन्शनीत ती बसायला लागली.

तरी पाकिटातल्या चिठ्ठीवर आधी मधुमेहच दिसतो, आणि बाकीचं वाचायला भिंग लागतं. तेव्हा एखाद्या हृदयरोगतज्ज्ञांकडून यावर लिहून घ्यावं. निर्जळी उपवासाला, उलट्या-जुलाब झाल्यावर, ऑपरेशनच्या आधी ही गोळी थांबवायची का, तेही त्यात यावं. अक्षर जरा मोठं ठेवा. कट्ट्यावर पेपर एकच येतो आणि बहुतेकांचा चष्मा घरी असतो.

आपला,
एक निवृत्त टर्नर
मंगळवार पेठ, कोल्हापूर