संदर्भ विभागासाठी आवाहन

सर्व सभासद, हितचिंतक आणि गावाबाहेर स्थायिक झालेल्या जुन्या वाचकांस सविनय नमस्कार.

संदर्भ विभागातील काचेच्या कपाटांकडे हल्ली कोणी फिरकत नाही, हे आपण पाहतोच. केतकरांनी वर्गणीदार जमवून सिद्ध केलेला महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा २३ खंडांचा संच जिनिंगवाल्या शेटजींनी एका हंगामाच्या धर्मादायातून आणून दिला. पहिल्या खंडात त्यांची मोडी सही आजही वाचता येते. ब्रिटानिका या इंग्रजी ज्ञानकोशाचा संच गुरुजींनी निवृत्तीच्या पैशांतून, तोही हप्त्याने घेतला आणि पावतीवर स्वतःचे नाव घालू दिले नाही. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. पुढचा एकही खंड चुकू नये म्हणून महिला मंडळाने वर्षानुवर्षे बिबड्या-कुरडया विकल्या.

ब्रिटानिकाने २४४ वर्षांनंतर, २०१२ मध्ये, छापील आवृत्ती थांबवली. केतकरांचा ज्ञानकोश, विश्वकोश, इतकेच काय १८८० चे खानदेश गॅझेटिअरही आता घरबसल्या फुकट वाचता येते. त्याबद्दल तक्रार नाही. एखादे साल अडले की मीही फोनच काढतो. म्हणून ही मागणी नव्या संचांसाठी नाही.

गेल्या श्रावणात कॉलेजातील एक मुलगी खानदेशातील कानबाईच्या सणाच्या गाण्यांची चौकशी करत आली. फोनवर तिला सणाची चार ओळींची माहिती मिळाली होती. गाणी मात्र गुरुजींच्या अहिराणी वह्यांत, कोणत्या गल्लीत कोणाकडून ऐकली या नोंदींसह सापडली. अशा अकरा वह्या आहेत. त्या कधी छापल्याच गेल्या नाहीत, त्यामुळे नेटवर येण्याचा प्रश्नच नव्हता. कडा कसरीने खाल्ल्या असून जांभळी शाई फिकी पडत चालली आहे.

मागच्या आवाहनाला तीन पाकिटे आली, आणि एका सभासदांनी हे खंड रद्दीत कोणत्या भावाने जातील, असे विचारले. ते सहज बोलले असतील, पण ग्रंथपालताई त्या दिवशी डबा न उघडताच घरी गेल्या.

वह्यांचे स्कॅनिंग, ज्ञानकोशाची बांधणी व एक लोखंडी कपाट यांस ३८,००० रुपये लागतील, पैकी ६,५०० जमले आहेत; देणगी रोख वा धनादेशाने सायंकाळी ५ ते ८ (सोमवार बंद) वाचनालयात देऊन पावती घ्यावी. गुरुजींचे अक्षर लागेल असे दोन अहिराणी जाणकारही हवेत. पावसाची ओल मागच्या भिंतीत उतरण्यापूर्वी काम व्हावे, यासाठी मुदत आखाजीपर्यंतच (अक्षय्य तृतीया) आहे. त्या वेळी माहेरी येणाऱ्या लेकींनीही वाचनालयात एक फेरी मारावी, ही विनंती.

कार्यकारिणीच्या वतीने,
आपला नम्र,
चिटणीस